खिळा न ठोकता

आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात शकुन-अपशकुन बंद आहेत. दारावरची लिंबू-मिरची तेव्हाच उतरली. ग्रहणात आम्ही मुद्दाम पोटभर जेवत आलो. त्यामुळे धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला कोल्हारला माहेरी आली आणि मी टेलिफोनची वायर मागच्या खोलीत न्यायला हातोडी घेऊन निघालो, तेव्हा आई आडवी येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

“घरात दोन जिवांची बाई हाय. खिळा ठोकायचा न्हाई.”

“अगं, आपण हे मानत नाही,” वडील पेपरामागून म्हणाले.

“मी तरी कुठं मानते? मानत न्हाईच. पन ठोकायचा बी न्हाई.”

वडिलांनी पेपर आणखी वर केला. वायर जमिनीवरून न्यावी, तर पोरीच्या पायात अडकेल म्हणून तेही नामंजूर.

प्रश्न बहिणीच्या नोकरीचा होता. नव्वदचं दशक संपत आलेलं. ती पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत लागलेली, आमच्या गणगोतात अशी पहिलीच. डॉक्टरांनी डाव्या कुशीवर पडून राहायला सांगितलं होतं. साहेबांनी सांगितलं होतं, रोजचं काम रोज फोनवरून आलं तर नोकरी राहील, नाहीतर तुझ्या जागी दुसरं कुणी बघावं लागेल. आता फोन, मोडेम आणि टेबलावरचा कॉम्प्युटर पुढच्या खोलीत, ती मागच्या खोलीत आणि मध्ये आईचं स्वयंपाकघर.

उपाय मेहुण्यांच्या बॅगेत निघाला. त्यांनी परदेशातून दोन वायरलेस कार्डं आणली होती, वायरीशिवाय दोन मशीन जोडणारी. एक बहिणीच्या लॅपटॉपमध्ये, दुसरं कॉम्प्युटरला. दोन्ही मशीनवर लिनक्स, म्हणजे विंडोजसारखं आपोआप काहीच होत नाही. बसवायचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या घरात कॉम्प्युटरचा जाणकार मीच. म्हणजे तो चालू कुठून होतो, हे मला माहीत होतं.

सुरुवात पडद्यानेच केली. लॅपटॉपवर चित्र यायचं ते मधोमध, पाटीएवढं. भोवती काळी चौकट आणि तिच्या कामाच्या अर्ध्या ओळी काठाबाहेर. एका फाईलमध्ये पडद्याचे आकडे भरायचे होते. मी टेबलावरच्या मॉनिटरच्या पाठीवर चिकटवलेले आकडे मोठ्या विश्वासाने भरले. पडदाभर उभे पट्टे आले.

“दादा, मी कंपनीचं काम करायचं की ही सोलापुरी चादर पांघरायची?”

शेवटी तीच सांगत गेली आणि मी टाईप करत गेलो. ती कुशीवर, म्हणून लॅपटॉपही एका बाजूवर उभा करून उशीला टेकवलेला. म्हणून माझीही मान वाकडी. चित्र पडदाभर पसरलं तेव्हा ती टाळ्या वाजवत होती आणि मी मान चोळत होतो.

वायरलेसने मात्र रडवलं. दोन्ही मशीन एका खोलीत असली की छान बोलायची. लॅपटॉप मागे नेला की अबोला. कार्डांना चॅनल असतो, तो दोन्हीकडे एकच लागतो. मी पुढे एक चॅनल लावायचो, मागे जाऊन तोच लावायचो, पुन्हा पुढे. आई म्हणाली, “येरझाऱ्या तर बाळंतिनीच्या नवऱ्यानं घालायच्या असत्यात.”

एका दुपारी मी असाच चॅनल बदलला आणि मागून हाक आली, “दादा, आलं!” मी वडिलांना रेडिओलहरींवर बरंच काही ऐकवलं. संध्याकाळी सगळं पुन्हा बंद. पुन्हा चॅनल बदलले. चार दिवसांनी पुन्हा आलं, पुन्हा गेलं. साहेबांचा फोन येऊन गेला. आवाज थंड होता. बहीण भिंतीकडे तोंड करून पलीकडचे आवाज ऐकत पडून राहिली.

आणि त्या ऐकण्यातच तिला उमगलं. भिंतीपलीकडे आईची मांडणी होती, फळ्या भरभरून स्टीलच्या भांड्यांची.

“दादा,” ती कुजबुजली, “आई घासायला भांडी उतरवते तेव्हा येतं. परत लावल्याचा खणखणाट झाला की जातं. तुझा चॅनल नाही रे, भांडी आहेत. धातू मध्ये येतो. पण आईला सांगू नकोस.”

ती मांडणी म्हणजे आईचा संसार होता. प्रत्येक डब्यावर, घागरीवर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. आल्यागेल्याची पहिली नजर तिकडेच जाई. तिला काय सांगणार? पण खणखणाट ऐकू येणाऱ्या भिंतीतून कुजबुजही पलीकडे जाते, हे आम्ही विसरलो. सकाळी उठून पाहतो तर मांडणी रिकामी. भांडी पोत्यांत बांधून पुढच्या खोलीतल्या खाटेखाली सारलेली. चुलीपाशी दोन पातेली, तवा, जेवायची ताटं, बस्स.

शेजारीण चहाला आली. “अगं बया, भांडी इकली का काय?”

“न्हाई. लेकीचं हापीस जातंय तिथून.”

त्या दिवसापासून काम रोज गेलं. नोकरी राहिली. मुलगी झाली, आणि बाराव्या दिवशी आईने हातोडी आणून माझ्या हातात दिली. “आता ठोक काय ठोकायचं ते.” पण बहीण तोवर मुलीला मांडीवर घेऊन मागच्या अंगणात बसून काम करायला लागली होती. “आता वायर कशाला?” ती म्हणाली. आईने हातोडी ठेवून दिली आणि पोती खाटेखालीच राहिली.

आज बहिणीच्या हाताखाली माणसं आहेत. आभार कुणाचे मानावेत असा विषय निघाला की ती माझंही नाव घेते, हा तिचा मोठेपणा. मला आठवते ती बहीण पुण्याला परत गेली तेव्हाची संध्याकाळ. दुपारीच बसमध्ये बसवून आलो होतो. आईने पोती सोडली, मी एकेक भांडं पुसून वर देऊ लागलो. पहिली घागर हातात घेऊन आई थांबली आणि मागच्या खोलीकडे बघत म्हणाली, “लावू ना रं? तिचं चालू न्हाई ना?”