मोटार ढकलणाऱ्या सुना

आमच्या घरात अजून कौतुकानं सांगतात, हट्टा गावात पहिली मोटार आमच्या मामंजींनी आणली. सांगणारे सगळे पुरुष. ते ऐकलं की माझं डोकं उठतं. मोटार आणली त्यांनी, पण ती चालू केली आम्ही दोघी जावांनी, खांदा लावून. हे कुणी सांगत नाही.

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरची गोष्ट. लष्करानं टाकून दिलेल्या लहान लॉऱ्या घेऊन एक दलाल परभणीला बसला होता. आमचं घर मेंढरं-बकऱ्यांचं. हिंगोलीच्या बाजाराला जनावरं हाकत नेली की वाटेतच वाळून जायची, म्हणून मामंजींना मोटार हवी होती. त्यांनी ती बैल घ्यावा तशी घेतली. चाकांना लाथा मारून पाहिल्या, टपावर थाप मारली, भोवती फिरून आले आणि दलालाशी उपरण्याखाली बोटं धरून सौदा केला. बैलबाजारात भाव दुसऱ्याला कळू नये म्हणून असंच करतात. एकदा उपरण्याखाली हात मिळाला की मागं फिरायचं नाही, नाहीतर बाजारात तोंड दाखवायची सोय राहत नाही. बॉनेट उघडून आत बघायचं मात्र राहून गेलं.

घरी आणल्यावर उघडलं, तर बॅटरी मेलेली. पुढून हँडल मारावं तर ते अडकायची खाच झिजून गुळगुळीत झालेली. मैलांचा काटा केव्हाच गळून पडला होता. ती गाडी कुठं कुठं आणि किती पळून आली होती, देव जाणे. मामंजींनी तिला हार घातला, नारळ फोडला आणि आमच्याकडं बघून म्हणाले, "लावा गं हात."

तो हात पुढं कधी निघालाच नाही. माझे मालक, म्हणजे धाकटा लेक, चाकावर बसायचे, मामंजी शेजारी. थोरले दीर मेंढरांमागं रानात. मग मागं उरलो आम्ही दोघी, पदर खोचून, फळीला खांदा लावून. हिंगोलीत ते गाडी उतारावर उभी करायचे. आमच्या गल्लीला उतार नव्हता. गल्लीतले बाप्ये ओट्यावर बसून बघायचे. गाडी धूर सोडून पळाली की आम्ही धुळीत खोकत उभ्या.

बाकी मोटारीची बडदास्त भारी होती. टायर फाटला की आतून जुन्या टायरचा तुकडा बसवायचे. रेडिएटर गळायला लागला की मूठभर हळद टाकायचे, आणि आमच्याकडं हळदीला काय तोटा! चाकावरच्या कमानीचा पाटा तुटला तर त्याला दोर गुंडाळायचे, आणि तालुक्याहून नवा येईपर्यंत मामंजींना जेवण गोड लागायचं नाही. फक्त बॅटरीचं नाव काढलं की म्हणायचे, "कशाला? घरात दोन दोन सुना हायेत की!" आणि मालक हसायचे. ते हसणं मी अजून विसरले नाही.

माझं माहेर त्याच वाटेवर, औंढ्याच्या अलीकडं, सडकेला लागून. मोटार दर बाजारी माझ्या आईच्या दारावरून जायची. एकदा बांगड्या भरणारी खाला आली. मुसलमान बाई, गावोगाव फिरणारी, सगळ्यांच्या माहेरचे निरोप तिच्याकडं असायचे. माझा हात दाबत ती म्हणाली, "तुझ्या मायची नजर जाऊन राहिली बेटा. नजर हाय तवर लेकीचं तोंड बघू म्हणती. जल्दी जा."

मी मालकांना सांगितलं. त्यांनी मामंजींकडं बघितलं. मामंजी म्हणाले, "मधी थांबवली अन् बंद पडली तर चालू कोण करील? पुढच्या बाजाराला बघू." पुढच्या बाजाराला म्हणाले, पुढं पाहुणा बसणार आहे. त्याच्या पुढच्या बाजाराला म्हणाले, बाईमाणूस बकऱ्यांत बसतं का? आपल्या पायांनी निघावं तर सून भांडून गेली असा बोभाटा व्हायचा आणि आईलाच बोल लागायचा. दिवाळी आली आणि गेली, मी मुकाट्यानं खांदा लावत राहिले. खरं कारण ते बोलतच नव्हते. मी माहेरी राहिले तर पुढच्या बाजाराला ढकलणार कोण?

शेवटी एक बाजार आला. बकऱ्या भरल्या, मालक चाकावर बसले. मी मागं न जाता पुढं गेले, दार उघडलं आणि मामंजींच्या जागेवर बसले.

"उतर," मामंजी म्हणाले.

"न्हाई उतरत. मायला भेटायचंय."

"मंग ढकलतंय कोण?"

मी जावेकडं बघितलं. ती उंबऱ्यावर जाऊन बसली आणि तांदूळ निवडायला घेतले. आतापर्यंत तिनं माझ्यासाठी केलेलं एवढं मोठं काम दुसरं नाही. ऊन चढायला लागलं, बकऱ्या ओरडायला लागल्या, बाजार चुकायची वेळ आली. मामंजींनी दात-ओठ खात धोतर वर खोचलं, ओट्यावरच्या बाप्यांना हाका मारल्या आणि स्वतः फळीला खांदा लावला. गाडी सुरू झाल्यावर ते मागं बकऱ्यांत चढले. मी पुढं बसून समोर बघत होते. मला जराही वाईट वाटलं नाही.

इंजिन बंद न करताच मला आईच्या दारात उतरवून मोटार बाजाराला गेली. आई ओसरीत बसली होती. मी तिच्यासमोर बसले, हाक मारली. ती हसली, पण बघत होती माझ्या कानाच्याही पलीकडं.

"दिसतंय का माय?"

"उजेड दिसतो. दिवाळीला आली आसतीस तर दिसली आसतीस." मग तिनं माझं तोंड चाचपलं, कपाळ, नाक, हनुवटी. हात खांद्यावर आला आणि थांबला. तिथं घट्टा पडला होता. "ह्ये काय गं? घरी मोटार हाय म्हणत्यात, अन् तुझा खांदा असा काहून?"

मी सांगितलं. ती घट्ट्यावरून बोटं फिरवत राहिली.

दिवस कलताना मोटार आली आणि दारातच फुसकन बंद पडली. मामंजी खाली उतरले. सकाळचा राग होताच. "झाल्या भेटी? चल, लाव खांदा."

मी उठायच्या आत आई उठली. भिंत धरून बाहेर आली, हात पुढं करून मोटार शोधली आणि फळीला दोन्ही तळवे टेकले. "माझ्या लेकराला आत बसवा," ती म्हणाली. "मी ढकलते."

मी तिचे हात ओढून काढले. माझ्या तोंडून मामंजींना जे शब्द गेले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. शेजारपाजारची माणसं धावून आली आणि त्यांनीच मोटार ढकलली. इंजिन धडधडायला लागलं. मी खिडकीशी जाऊन मालकांना म्हणाले, "बॅटरी बसवाल तवा न्यायला या." त्यांनी शेजारी चढून बसलेल्या मामंजींकडं बघितलं. मोटार निघाली. मी आईजवळ येऊन उभी राहिले. त्या धडधडीत तिला ना माझं बोलणं ऐकू गेलं होतं, ना माझी पावलं.

आईनं दूर जाणाऱ्या आवाजाकडं तोंड केलं, हात वर केला आणि मोठ्यानं म्हणाली, "नीट बस गं माय."