दोन बोटांचं तोंड

"काका, तोंड उघडा."

"उघडलंच आहे, मॅडम."

डॉक्टर मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, "तीन बोटं उभी घालून दाखवा." दोनच गेली. बायको मागून बोललीच, "घरी बडबड करतानी तं मस्त उघडते जी यायचं तोंड!"

आजाराचं नाव सबम्यूकस फायब्रोसिस. म्हणजे सुपारीनं गालाची आतली कातडी आवळत जाते आणि तोंड हळूहळू बंद होतं. त्यातून डाव्या गालात पांढरा चट्टा. त्याची बायोप्सी करायची ठरली. म्हणजे कणभर तुकडा कापून तपासायला पाठवायचा. कॅन्सर आहे का, ते रिपोर्ट आल्यावरच कळणार होतं.

हे सगळं चार वर्षांपूर्वीच कळलं असतं. तेव्हा तिखट झोंबायला लागलं म्हणून मी याच सरकारी दवाखान्यात आलो होतो. लहानपणी बाबांसोबत दाढ काढायला यायचो, तेव्हा केसपेपर दोन रुपयांचा होता. पुढे पाच झाला, मग दहा. एक्स-रेचे वेगळे, दाढ काढायचे वेगळे. भिंतीवरचा तो दरफलक वाचून मला राग आला. सरकारी असून एवढे? मी ताठ मानेनं परत फिरलो आणि ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर तेवढ्याच पैशांचे तीन खर्रे, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटून केलेल्या पुड्या, घेतले. आमच्याकडे तोंडात काही दुखलं-झोंबलं की खर्रा त्याच बाजूला दाबून ठेवतात. बधिर होतं म्हणून. मी तो इलाज चार वर्षं मन लावून केला.

यंदा खिडकीवर पैसे पुढे केले, तर बाई म्हणाली, "आता काई लागत नाई, भाऊ." मला आनंद व्हायला हवा होता. पण याच पैशांपायी घालवलेली चार वर्षं आठवली.

रिपोर्टला आठ दिवस लागले. बायकोनं माझी पेज पातळ केली आणि टोमणे बंद केले. मला खरी भीती तेव्हा वाटली. एकदा म्हटलं, "अवं, काईतरी बोल ना."

"का बोलू? रिपोर्ट येऊ द्या. मंग पाहा, कशी बोलतो तं."

नवव्या दिवशी मॅडमनी कागद वाचला. "कॅन्सर नाही. पण खर्रा आजपासून बंद." बायको तिथल्या बाकावर बसून रडली आणि मग घरी पोचेपर्यंत बोलत होती. एवढं गोड भांडण मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

आता दर आठवड्याला गालात इंजेक्शन. रोज दातांमध्ये आइसक्रीमच्या लाकडी काड्या रचून ठेवायच्या, जमेल तशी एकेक वाढवायची. डोळ्यांत पाणी येतं. पण तोंड उघडतं आहे. तुमच्यापैकी कुणाला तिखट झोंबत असेल, तर दर काय आहेत ते नंतर विचारा, आधी जा.

परवा रांगेत पोंभुर्ण्याकडची एक बाई पदराची गाठ सोडून नोटा मोजत होती. मी म्हटलं, "ठेवा बाई, लागत नाईत आता."

तिनं संशयानं पाहिलं. "फुकटाचं औषध लागू पडते का जी?"

उत्तर माझ्या बायकोनं दिलं. "मले इचारा ना, बाई. चार वर्सांनी यायनं काल माया हातची मिरचीची भाजी खाल्ली. वरून म्हणते, मीठ कमी हाये!"