सव्वा मूठ आणि रिकामी खुर्ची

आधीच सांगते, मी धुळ्यात ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवते. रस्त्यात लिंबू-मिरची दिसली की मुद्दाम तिच्यावरून गाडी नेणाऱ्यांपैकी मी. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही... दोन वर्षांपूर्वी मीही हसलेच असते.

गेल्या उन्हाळ्यात स्टाफरूममधल्या वैशालीने मला ओरॅकल कार्ड्सचा एक संच दिला. "भविष्य-बिविष्य काही नाही गं. रोज सकाळी एक कार्ड काढायचं, चित्र बघायचं आणि आपल्या मनात काय येतं ते तपासायचं. बस." म्हटलं, ठीक आहे. ध्यानाला बसले की मला डुलकी लागते, त्यापेक्षा हे बरं!

सुरुवातीला मजा आली. कधी दिवा, कधी नदी, कधी पक्षी. मग श्रावणाच्या तोंडावर एक कार्ड यायला लागलं – अंगण, झाडाची सावली आणि सावलीत एक रिकामी खुर्ची. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. पत्ते नीट पिसले जात नसतील म्हणून मी ते फरशीवर पसरून कालवले, नवऱ्याला काढायला लावले. त्याला भलतंच कार्ड आलं. मी काढलं की खुर्ची! प्रॉबॅबिलिटी मीच शिकवते हो, पण डोकं भणभणायला लागलं.

अर्थ मात्र मी लगेच लावून टाकला. खुर्ची माझ्या धाकट्या भावाची, संदीपची. परजातीतल्या मुलीशी लग्न केलं म्हणून नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला घराबाहेर काढलं होतं. तेव्हापासून तो सुरतेला.

माझं माहेर धरणगावचं. आमच्याकडे श्रावणात कानबाई, म्हणजे खानदेशची देवी, बसते, तेव्हा तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. तान्ह्या पोराचीसुद्धा मूठ असते. संदीपची मात्र नाना काढू देत नसत, आणि दर वर्षी आई त्या दिवशी रडायची.

कानबाईसाठी माहेरी गेले तेव्हा मी आईला कार्डाचं सांगितलं. तिचा चेहराच बदलला.

"येस तो. देखजो तू, मन्हा आंडोर येस," ती अहिराणीत म्हणाली; आंडोर म्हणजे मुलगा. "यंदा मी त्यानी मूठ काढसूच."

नाना ओट्यावर पेपर वाचत होते. मी सूप धरलं. एक डोळा ओट्याकडे ठेवून आई हळू आवाजात एकेकाचं नाव घेत मूठ टाकत गेली आणि शेवटी जवळजवळ ओठांतच संदीपचं नाव घेतलं.

आणि रविवारी संदीप खरंच आला! न कळवता, बायकोला घेऊन. नानांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "हातपाय धुई ले." आई कानबाईसमोर हमसून हमसून रडली. मला वाटलं, चला, खुर्ची भरली.

धुळ्याला परत आल्यावर सकाळी सवयीने कार्ड काढलं... खुर्ची.

संच कपाटात टाकला, पण राहवेना. दोन दिवसांनी पुन्हा काढलं – खुर्चीच. तेव्हापासून जिवाला चैन नाही. ही खुर्ची आता नानांची तर नसेल, या धास्तीने काहीतरी निमित्त काढून मी त्यांना फोन करत सुटले.

"काय वं, दिनभर फोन! मास्तरीन शे का ऑपरेटर?" ते हसायचे. भांडून भांडून त्यांना जळगावला ईसीजीला पाठवलं. सगळं नॉर्मल निघालं. डॉक्टर म्हणाले, तुमच्या मुलीचा तपासून घ्या.

कापूस वेचणीच्या दिवसांत नाना दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर आईने जेवण जवळजवळ सोडलं. खूप विचारल्यावर म्हणाली, "मी त्यास्नी मूठच इसरी गयू वं. संदीपनं नाव लिधं आनि त्यास्नं राही गयं. मीच मारं त्यास्ले."

मी सूप धरून समोर बसले होते, पण मलाही नानांचं नाव ऐकल्याचं आठवेना. घाईत आणि भीतीत राहून गेलं असणार. पण या एका चुकीपायी आई डोळ्यांदेखत सुकत चालली होती. मग मी तिला सगळं सांगितलं.

"आई, मूठ राहायच्या आधीपासून ती खुर्ची येत होती गं. तुझ्यामुळे काही झालं नाही. आणि संदीप आल्यावरही ती थांबली नाही. मी कुणाला बोलले नाही... काय बोलणार होते?"

मला वाटलं, आता ती मला बोल लावणार. लावला असता तरी चाललं असतं.

"त्या पत्ता शेत का तुन्हापान?" तिने विचारलं.

"आहेत. पर्समध्ये."

"एक काढ. त्यास्ले इचार, जेवनात का."

पत्ते पिसले, एक उलटला. नदी होती. तेव्हापासून आजवर खुर्ची आलेली नाही. ती का येत होती, का थांबली, मला सांगता येत नाही. नदीचा अर्थही मला ठाऊक नव्हता.

"जेवले म्हणतात," मी म्हणाले.

आईने डोळे पुसले आणि ताट पुढे ओढलं.