घरी कधी पडला होता का?

जोंधळे सिस्टर काल गेल्या. एकदा त्यांची नोकरी मी जवळपास घालवली होती.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. मी शाळामास्तर. हिवतापानं खंगलेल्या अण्णांना, माझ्या वडलांना, आमच्या हट्टा गावाहून तालुक्याच्या दवाखान्यात आणलं.

ॲडमिट करतानाच सिस्टर प्रत्येकाला विचारायच्या.

"बाबा, घरी कधी पडला होता का? उठताना चक्कर येते?"

"पडायला म्या काय लेकरू हाय? न्हाई!"

अहो, त्याच महिन्यात दोनदा पडले होते! एकदा तर गोठ्यात, माझ्यासमोर.

सिस्टर माझ्याकडं वळल्या. "मास्तर, बराबर सांगा. पडणारा पेशंट मी माझ्या टेबलाजवळ ठेवते."

चारचौघांत बापाला खोटं कसं पाडायचं?

"न्हाई पडले," मी म्हणालो.

अण्णांना कोपऱ्यातली कॉट मिळाली.

दुसऱ्या दुपारी मी खिडकीत बसून सहावीच्या पुस्तकातली पाखरांची कविता गुणगुणत होतो. अगदी तल्लीन! वैताग येतो आज स्वतःचा.

अण्णा न सांगताच उठले. एका हातात धोतर, दुसऱ्यात तांब्या. आधाराला हात उरतोच कुठं?

धाडकन पडले. मनगट मोडलं.

आणि मी काय केलं? अर्ज लिहिला. 'सिस्टरांचा अक्षम्य हलगर्जीपणा.' सुवाच्य अक्षरात, दोन पानं, अलंकारांसकट!

डॉक्टरांनी सिस्टरांना वॉर्डातच जाब विचारला. त्यांच्या नोकरीवरच बेतलं.

"साहेब, मी विचारलं होतं हो."

डबा घेऊन आलेली आई माझ्यावरच उसळली. "मास्तर झालास ना? मग काहून खोटं बोलून राहिला? घरी दोन डाव पडले की हे!"

मी अर्ज मागं घेतला. अण्णांच्या देखत म्हणालो, "साहेब, मला माहीत होतं. मी लपवलं."

अण्णांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

सिस्टर मात्र एक शब्द लावून बोलल्या नाहीत. कॉट स्वतः ओढत टेबलाजवळ नेली.

"बाबा, पोरावर रुसा खुशाल. पण उठायचं झालं की मला हाक मारा."

बाईमाणसाला हाक? तीही संडासला जायला? अण्णा मेले तरी मारायचे नाहीत.

ते नुसते खाकरायचे.

वॉर्डात दहा-बारा जण खोकत असायचे. त्यातलं अण्णांचं खाकरणं सिस्टरांना बरोबर कळायचं. हातातलं काम ठेवून यायच्या, दंड धरायच्या, आणि अण्णा दुसरीकडंच बघत चालायचे.

पुन्हा पडले नाहीत.

सिस्टर, तुमच्यासाठी एखादी कवितेची ओळ सकाळपासून शोधतोय. एकही पुरेना.

तुमची माफी मी तोंडानं कधी मागितलीच नाही. आज मागतो.

या आता, सिस्टर. नमस्कार.