इंजिनची काळजी

खराडीत नोकरीला लागलो तेव्हा माझ्या जुन्या मोटरसायकलचं इंजिन नुकतंच बांधून घेतलं होतं. आधी मीच ते पिदडून जाम केलं होतं. आता शहाणपण सुचून बिबवेवाडीच्या मेकॅनिककडून कंपनीचा काढून बाहेरचा इग्निशनचा डबा बसवला. इंजिन मर्यादेबाहेर फिरू लागलं की तो ठिणगीच तोडायचा. मर्यादा ठरवायला त्यावर एक स्क्रू होता.

"आणखी खाली घ्या," मी म्हणालो.

"साहेब, इतकी खाली नको. ऐन वेळी गाडी ओढणार नाही."

"इंजिन माझं आहे ना?"

त्याने स्क्रू फिरवला.

रविवारी बायकोला मागे बसवून वाघोलीला फ्लॅट बघायला निघालो. नगर रस्त्यावर पुढे उसाचा ट्रॅक्टर रेंगाळत होता. त्याला ओलांडायला मी गाडी बाहेर काढली आणि समोरून ट्रक आला. अॅक्सिलरेटर पिळला, तर डबा ठिणगी तोडू लागला आणि इंजिन उचक्या देऊ लागलं. वरचा गिअर टाकला असता तर सुटलो असतो, पण मी आपला पिळतच राहिलो. ट्रॅक्टरचं चाक गुडघ्याशी फिरत होतं, ट्रकचा हॉर्न थांबत नव्हता आणि बायकोची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती.

शेवटी ट्रकवाल्यानेच ट्रक मातीत उतरवला. मी कशीबशी गाडी कडेला घेतली.

बायको खाली उतरली. "अहो, इंजिन बरं आहे ना?" एवढं विचारून तिने मागून येणाऱ्या सहा आसनी रिक्षाला हात केला. "जपून आणा त्याला."