बहात्तर नंबरवरची हेडबाई

बंदराच्या कचेरीचा जिना चढून वर गेलं की डाव्या हाताला किनारा रेडिओची खोली लागते. खोली म्हणजे काय, एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतभर समुद्राचा नकाशा आणि समोर मोठी काच. टेबलावर दोन सेट. पहिला कायम सोळा नंबरच्या चॅनलवर लावलेला. समुद्रात जीवावर बेतलं की हाक मारायची ती सोळावर, आणि ती ऐकायला या खोलीत पाळीपाळीने कुणी ना कुणी बसलेलं असतं. दिवसपाळीला गेली सव्वीस वर्षं हेडबाई बसते.

हेडबाई हे काही तिचं नाव नव्हे, आणि शाळेत शिकवायला ती उभ्या जन्मात गेलेली नाही. हे नाव बोटवाल्यांनी तिच्या माघारी ठेवलेलं. तिला ते माहीत नाही अशी त्या भाबड्यांची समजूत होती.

नाव मात्र चपखल होतं. रेडिओचं असं असतं, की एकाने बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं आणि एक बोलत असेल तोवर दुसऱ्याला बोलता येत नाही. म्हणून सोळा नंबर मोकळा राहिला पाहिजे, हा हेडबाईचा हट्ट. एखाद्याने सोळावर दुसऱ्याला नुसतं "काय रे, जेवलास का?" विचारलं की हिचा आवाज कडाडायचा, "जेवणाची चौकशी करायला सोळा नंबर काढलाय का? घरी जाऊन आईला विचार!" आणि हे बोलणं त्या बिचाऱ्याला दीडशे बोटींसमोर बसायचं. संध्याकाळी धक्क्यावर उतरला की लोक त्याला विचारायचे, "मग, जेवलास का?" असं महिनाभर चालायचं.

ती उगाच तशी झाली नव्हती. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी दोघे जण सोळावर हवापाण्याच्या गप्पा मारत बसले होते आणि त्या गप्पांखाली एका बोटीची हाक दबून गेली. त्या बोटीवरची चार माणसं फळी धरून तरंगत राहिली आणि वाचली, पण ती त्यांच्या नशिबाने. हेडबाईने ते मनाला लावून घेतलं. तेव्हापासून तिची जीभ जी धारदार झाली ती झालीच.

दरवर्षी खालच्या हॉलमध्ये बोटवाल्यांचा वर्ग ती घ्यायची. दंडावर बेडकुळ्या असलेले पुरुष शाळकरी पोरांसारखे बाकावर बसायचे आणि ती एकेकाला उभं करायची. "हं, तू. बोट बुडतेय. बोल."

"मेडे, मेडे, मेडे," तो पुटपुटायचा.

"कुणाला सांगतोयस, तुझ्या बुटांना? मोठ्याने! मेडे तीनदा, बोटीचं नाव तीनदा, मग कुठे आहेस, मग काय झालंय, मग किती माणसं आहेत. रडायचं ते सगळ्यात शेवटी. जागा आधी का सांगायची? पुढचं ऐकू आलं नाही तरी कुठे यायचं ते कळतं म्हणून!"

तिचा नवरा शिंपी. घराच्या खालीच त्याचं दुकान. बोटवाले उसवलेल्या पँटी घेऊन त्याच्याकडे यायचे आणि मापं देता देता गाऱ्हाणी सांगायचे. कुणीतरी एकदा विचारलं, "तुमचं घरी कसं हो निभतं?" त्यावर तो सुईत दोरा ओवत म्हणाला, "बरं निभतं. ती 'ओव्हर' म्हणाली की मी बोलतो." हा विनोद पंधरा दिवस बंदरात फिरला आणि फिरून तिच्या कानावर आला.

कानावर आला तो दुसऱ्या सेटमधून. ही हेडबाईची चोरी होती. दुसरा सेट कामकाजाच्या बोलण्यासाठी होता, पण काम नसलं की ती तो हळूच बहात्तरवर लावून ठेवायची. बहात्तर म्हणजे बोटवाल्यांचा आपसातला कट्टा. तिथे सासुरवाडीची उणीदुणी निघायची, इंजिनांना शिव्या बसायच्या आणि सगळ्यात जास्त खिल्ली उडायची ती हेडबाईची. त्यांच्यात नकल्या म्हणून एक होता. तो तिची हुबेहूब नक्कल करायचा, श्वास कुठे घेते त्याच्यासकट. ती ऐकून वरच्या खोलीत एकटी हेडबाई तोंडाला रुमाल लावून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायची. अकरा वर्षं हे चाललं होतं आणि नवऱ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. आपण ऐकतो हे कळलं तर ही मंडळी दुसरीकडे पळतील, याची तिला धास्ती होती. खरं सांगायचं तर तिचा या माणसांवर भारी जीव होता. तो दाखवायचा कसा, हे मात्र तिला जमत नव्हतं.

एका दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी बहात्तरवर लंबूचा आवाज आला. लंबू म्हणजे 'पाखरू' बोटीचा मालक, सहा फुटांच्या वर उंच आणि स्वभावाने गरीब. बरोबर त्याचा मेहुणा होता.

"नकल्या, ऐकतोयस का? इंजिनाजवळ जरा पाणी आलंय रे."

"किती?"

"घोट्याएवढं. पंप लावलाय केव्हाचा, पण नीट ओढत नाहीये. वीस मिनिटं झाली."

"मग सोळावर सांग ना."

"वेडा आहेस का? घोट्याएवढ्या पाण्यासाठी? हेडबाई सालटी काढेल माझी! मागल्या महिन्यात नुसतं बॅटरीचं विचारलं, तर अख्ख्या समुद्रासमोर माझी शोभा केली."

मग नकल्याने आवाज लावला. "पाणी घोट्याच्या वर आहे का खाली? नीट मोजून सांग! आणि पाय धुऊन आत जा!" दोघेही खो खो हसले. वरच्या खोलीत हेडबाईही हसली.

हसता हसता तिचा हात माईककडे गेला आणि तिथेच थांबला. सांगेल तो सोळावर, तिने स्वतःला समजावलं. दोनदा शिकवलंय त्याला. आत्ता आपण मध्ये बोललो तर बहात्तर गेलं, कायमचं. ती सोळाच्या सेटकडे बघत बसली. तिथून चकार शब्द येईना. बहात्तरवर पाणी पोटरीला लागलं. नकल्याच्या आवाजातली मस्करी हळूहळू गेली. तो म्हणाला, "मी तिकडे निघतो, पण मला तास लागेल." लंबू म्हणाला, "ये. घाई नको करूस." आणि मग थोड्या वेळाने, वेगळ्याच आवाजात, "पाणी बॅटरीला लागतंय रे."

बॅटरी बुडली की रेडिओ मेला. तीन वाजून सतरा मिनिटांनी हेडबाईने बटण दाबलं.

"पाखरू, मी किनारा रेडिओ. लंबू, कुठे आहेस ते सांग. आधी ते."

बहात्तरवर शुकशुकाट झाला. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "मेलो."

"बाई? तुम्ही... इथे?"

"जागा सांग, लंबू."

"बाई, चुकलो, मी सोळावर सांगणारच होतो..."

"माफी नंतर. जागा!"

"दीपगृहाच्या पश्चिमेला पाच मैल. लाल बोया उजव्या अंगाला दिसतोय. दोघं आहोत. मेहुण्याने जॅकेट घातलंय."

"तूही घाल. आत्ता. आणि सेटवरचं लाल झाकणाखालचं संकटाचं बटण दाबून..."

सेटमध्ये खरखर झाली आणि मग तीही थांबली. हेडबाईने दोनदा हाक मारली. मग ती सोळाकडे वळली आणि शिकवल्याप्रमाणे, एक शब्द इकडचा तिकडे न करता, सगळ्या बोटींना पाखरूची हाक पुढे सांगितली. सगळ्यात जवळ प्रवाशांची फेरीबोट होती. तिच्या कप्तानाने लगेच उत्तर दिलं, "वळतोय. पंचवीस मिनिटं."

ती पंचवीस मिनिटं हेडबाई खुर्चीवर बसू शकली नाही. नकाशासमोर उभी राहून, दीपगृहापासून पाच मैलांच्या जागेवर हाताचं बोट टेकवून होती. अखेर कप्तानाचा आवाज आला, "दोन्ही माणसं वर घेतली. दोघंही ठीक आहेत. बोट गेली."

तिने वहीत लिहिलं. बहात्तरवर पहिल्यांदा ऐकलं, तीन दहा. पहिल्यांदा बोलले, तीन सतरा. लिहिलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. तिने लिहिलं.

घरी गेली ती सरळ दुकानात. नवरा मशीनवर होता.

"अहो, मी सात मिनिटं थांबले. माझी मजा जाईल म्हणून थांबले."

त्याने मशीन थांबवलं. उगाच समजूत घालायचा त्याचा स्वभाव नव्हता. "ते तुला घाबरतात हे तुला माहीत होतं," तो म्हणाला. "आणि तुला ते आवडायचंही. मीही इथे बसून त्यांच्या तक्रारी तुला हसत हसत सांगत राहिलो. एकदाही म्हटलं नाही, की अगं, हे हसण्यासारखं नाही. माझंही चुकलंच."

चौथ्या दिवशी लंबू जिना चढून आला. दारात वाकून उभा राहिला.

"बाई, आभार मानायला आलो."

"बस. आभार नंतर, आधी हे वाच." तिने वही पुढे केली. त्याने बोटाने ओळी लावत वाचलं आणि त्याला कळायला जरा वेळ लागला.

"तुम्ही पहिल्यापासून ऐकत होता?"

"हो. आणि थांबले. थांबले नसते तर तुझी बोट आज धक्क्याला असती."

लंबूने वही मिटून टेबलावर ठेवली. बोट गेल्याचं दुःख त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं आणि ते त्याने लपवलं नाही. मग म्हणाला, "त्याआधी वीस मिनिटं मी थांबलो होतो, बाई. तुम्ही ओरडाल म्हणून. खरं सांगतो, पाण्यापेक्षा तुमचीच भीती वाटत होती."

हेडबाईला सव्वीस वर्षांत कुणी इतकं लागेल असं बोललं नव्हतं, आणि बोलणाऱ्याच्या मनात तर लागावं असं काहीच नव्हतं. ती उठली, त्याला पाणी दिलं आणि त्याच्यासमोरच रडली. तो इतका गडबडला की पेला तसाच हातात घेऊन जिना उतरून गेला आणि अर्ध्या वाटेवरून परत द्यायला आला.

बहात्तर त्या दिवसापासून रिकामं झालं. मंडळी कुठेतरी दुसऱ्या नंबरवर गेली होती. ती शोधायची म्हटली तर दहा मिनिटांचं काम. तिने शोधलं नाही. दुपारी खोली फार शांत वाटायची आणि नकल्याची तिला मनापासून आठवण यायची. पण ऐकायचा हक्क आपण घालवला, असं तिला वाटत होतं.

तिने जादा वर्ग बोलावला. चाळीसेक जण आले. कुणालाही उभं न करता ती स्वतःच उभी राहिली आणि सगळं सांगितलं, अकरा वर्षं आणि सात मिनिटंही. मग म्हणाली, "घोट्याएवढं पाणी असेल तरी सांगा. शंका असेल तरी सांगा. मी ओरडले तर दुकानात जाऊन माझ्या नवऱ्याला सांगा, तो माझी पाठ सोडणार नाही." एक-दोघे हसले. बाकीचे बुटांकडे बघत राहिले. सव्वीस वर्षांची भीती एका भाषणाने जात नसते, हे तिलाही कळत होतं.

तीन आठवडे कुणीही काही विचारलं नाही. मग एका सकाळी सोळावर आवाज आला. नकल्या होता, पण नक्कल नव्हती. तो साध्या, अवघडलेल्या आवाजात बोलत होता.

"किनारा रेडिओ, मी तारका बोट. बाई... तसं काही विशेष नाही."

विशेष नाही तर सोळावर काय करतोस, हे वाक्य तिच्या दातांपर्यंत आलं. तिने ते गिळलं.

"बोल, तारका. आधी कुठे आहेस?"

त्याने जागा सांगितली, अगदी शिकवल्यासारखी. "सुकाणू जड लागतंय. वळतंय, पण जड. आम्ही तिघं आहोत."

"बारावर ये, सोळा मोकळा ठेवू." तो कामकाजाच्या बारा नंबरवर आल्यावर ती म्हणाली, "सावकाश बघून घे. पंधरा मिनिटांनी मला परत सांग. मी इथेच बसलेय."

पंधरा मिनिटांनी त्याने सांगितलं. जाळ्याचा दोर अडकला होता, काढला. "उगाच त्रास दिला, बाई."

"उगाच नाही. असाच देत जा."

तो बाजूला होतो न होतो तोच सोळावर दुसरी हाक आली. एकाला पंपाचा आवाज बदलल्यासारखा वाटत होता. मग आणखी एकाला ढग बघून विचारायचं होतं, पुढे जाऊ की परत फिरू. संध्याकाळपर्यंत पाच बोटींनी हाक मारली आणि पाचांपैकी एकीलाही काही झालेलं नव्हतं. हेडबाईने पाचही हाका वहीत वेळेसकट उतरवल्या, पाळी संपवली आणि दुकानात येऊन नवऱ्यासमोरच्या स्टुलावर बसली.

"अहो," ती म्हणाली, "आज पाच जण माझ्याशी उगाचच बोलले."