बल्बाच्या कपाटातले सांडगे

शाळा सातवीत सुटली आणि मी साताऱ्याकडचं गाव सोडून बेंगळूरला आलो. कारखान्याच्या हापिसातल्या हेडक्लार्कांनी मला शिपाई म्हणून चिकटवलं. त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, मराठी बोलणारं. दोन्ही वेळचं जेवणही मला त्यांच्याकडेच. हे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्या पावसाळ्याचा रागही जात नाही, तो नाहीच.

माझ्याकडे कार्डांची खोली होती. कामगारांच्या पगाराची भोकं पाडलेली जाड कार्डं तिथं असत. हवा दमट झाली की ती फुगत, वाकत आणि पगाराचा हिशेब करणाऱ्या यंत्रात अडकत. म्हणून खिडक्या बंद, आणि कार्डांच्या लोखंडी कपाटात तळाला कायम पेटता बल्ब. कपाट कसं उबदार, कोरडं! बाहेर आठवडाभर भुरभुर लागली की अख्ख्या हापिसाचा डोळा त्या कपाटावर. कुणाचे मोजे, कुणाची कानटोपी. अण्णा तर भिजलेला लोकरी कोटच आत टांगायचे. "स्वल्प राहू दे रे, सुकेल." स्वल्प म्हणजे इकडच्या बोलीत जरासं. ज्यांनी अन्न दिलं त्यांना नाही कसं म्हणू?

मग एक दिवस अक्कांचे, म्हणजे अण्णांच्या बायकोचे, ओले सांडगे आले. परातभर! घरी ऊन नाही म्हणून कारखान्याच्या बल्बावर सांडगे. मी म्हटलं, "अण्णा, कार्डं बिघडतील." तर म्हणाले, "तू मला शिकवणार?"

व्हायचं तेच झालं. पगाराच्या तोंडावर यंत्राने कार्डं चावून टाकली. साहेब तरातरा आले, कपाट उघडलं. समोर परात.

साहेबांना मराठी येत नव्हतं. अण्णा कन्नडमध्ये म्हणाले, "खेड्यातलं पोर आहे सर. त्यानंच ठेवलं असणार."

नोकरी गेली तर गावी कुठल्या तोंडानं जाऊ? आईनं गावभर सांगून ठेवलेलं, पोरगा हापिसात लागला म्हणून. भीती होतीच, पण तोंड सुटलं ते मराठीतच: "अण्णा, मला कुठली चूल? जेवतो तर मी तुमच्याकडे! सांडगे घालू कुठं, डोक्यावर?"

साहेबांनी विचारलं, काय म्हणतो हा? अण्णांनी शांतपणे कन्नडमध्ये सांगितलं, "माफी मागतोय सर."

माफी! कन्नड मला बोलता येत नव्हतं, पण एवढं कळत होतं. होतं नव्हतं तेवढं कन्नड गोळा करून म्हणालो, "इल्ला सर. संडिगे अण्णंदु." नाही साहेब, सांडगे अण्णांचे.

कुणीतरी खिदळलं. साहेबांनी अण्णांकडे पाहिलं, मग परातीकडे. कपाटाला कुलूप लावायला सांगून किल्ली माझ्या हातात ठेवली. नोकरी राहिली. दारावर मात्र सूचना लागली ती 'शिपायाने दक्षता घ्यावी' एवढीच. अण्णांना एक शब्द नाही!

रात्री नेहमीसारखा त्यांच्याकडे जेवायला बसलो. अक्का वाढता वाढता म्हणाल्या, "सांडगे वाळले का रे?" अण्णा ताटातून मान वर काढेनात. मीही काढली नाही.

सकाळी पुन्हा भुरभुर. अण्णा ओला कोट घेऊन दाराशी उभे. "स्वल्प..."

"सरी अण्णा, बरं," मी म्हटलं, कोट घेतला आणि त्यांच्याच खुर्चीच्या पाठीवर टाकला. दिवसभर तो तिथंच ठिबकत होता.